व्हेनिस एका दिवसात, ट्रेनने, कमीत कमी खर्चात – मदत हवी आहे (जरा घाई आहे)

ढोबळमानाने | बुधवार, ११ जून २०२५, संध्या. ७:४०
नमस्कार मंडळी. व्हेनिसला सकाळी ट्रेनने जाऊन रात्री परत यायचंय. मुक्काम नाही, तिथल्या हॉटेलांचे दर बघून तो विचार सोडला. इथले जुने धागे वाचले, सगळे दहा वर्षांपूर्वीचे आणि निम्म्यांतले फोटो दिसत नाहीत. मला फक्त तीन गोष्टी सांगा. ट्रेन फास्ट घ्यावी की साधी? शहरात शिरायला पैसे लागतात म्हणतात ते खरं का? आणि बोटीचा डे पास घ्यावा का? गोंडोलात बसायचं नाहीये, तो विषय प्लीज नको. 'गूगल करा' म्हणणार असाल तर केलंय, म्हणूनच इथे आलोय.

बारा_गावचा | ७:५२
कुठून जाणार?

ढोबळमानाने | ७:५५
इटलीतूनच हो. आम्ही इथेच आहोत.

खिडकीची_जागा | ८:०३
डोळे झाकून फास्ट ट्रेन घ्या. मिलानहून अडीच तासांच्या आत पोचवते, रोमहून चार तास. साध्या गाडीत जीव जातो, प्रत्येक गावाला थांबते. सुट्टीच्या एका दिवसात पैसे वाचवायचे की वेळ, हे एकदा ठरवा.

काटकसर_काका | ८:११
खिडकी, धागाकर्त्याने 'कमीत कमी खर्चात' असं शीर्षकातच लिहिलंय, वाचा की. फास्ट गाडीचं तिकीट महिनाभर आधी काढलं तर स्वस्त, आदल्या दिवशी काढायला गेलात तर डोळे पांढरे होतील. प्रादेशिक, म्हणजे साध्या गाडीचं भाडं अंतरावर ठरतं. आज काढा नाहीतर त्या दिवशी सकाळी मशीनवर काढा, तेवढंच. सीट नंबर नसतो, मिळेल तिथे बसायचं.

खिडकीची_जागा | ८:१५
आणि नाही मिळाली तर उभं राहायचं. मिलानहून प्रादेशिकने जायचं तर बहुतेक वेळा वेरोनाला गाडी बदलावी लागते. जाऊन येऊन सात तास गाडीत. त्यात व्हेनिस कधी बघणार, काका?

तिखटजाळ | ८:१९
एवढा खटाटोप करण्यापेक्षा अलेप्पीला जा. एर्नाकुलमहून ट्रेनने तासा-दीड तासात पोचता, राज्य जलवाहतूक विभागाच्या बोटीत किरकोळ तिकीट काढून कालव्यांतून फिरा, केळीच्या पानावर जेवा. कर्झनने उगाच त्याला पूर्वेचं व्हेनिस म्हटलं नव्हतं.

ढोबळमानाने | ८:२१
अहो, मी इटलीत आहे. इथून अलेप्पी कसं जाऊ?

तिखटजाळ | ८:२३
परत आल्यावर जा म्हणतोय.

माऊ | ८:२६
दादा, शाकाहारी आहात का? असाल तर आधीच सांगते, तिथल्या छोट्या बारमध्ये पावाच्या तुकड्यांवर जे काही ठेवलेलं असतं ते बहुतेक मासेच असतात. पांढरं लोण्यासारखं दिसतं ना, ते कॉड मासा फेटून केलेलं असतं. मैत्रिणीने चीज समजून खाल्लं होतं. पिझ्झा मार्गेरिता घ्या, कुठेही मिळतो.

आळशी_अजगर | ८:३१
शाकाहारींनो, पार्मेजान चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं. आता बोला.

माऊ | ८:३३
मार्गेरितावर मोझरेला असतं, पार्मेजान नव्हे. एवढंच असेल तर मरिनारा घ्या, त्यात चीजच नसतं, टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो.

आळशी_अजगर | ८:३४
मोझरेलातही रेनेट लागतंच.

काटकसर_काका | ८:३६
दशम्या न्या. प्रश्न मिटला.

कोकणकडा | ८:५८
रेनेट बाजूला ठेवा. @ढोबळमानाने, प्रवेश शुल्क लागतं हे खरं आहे, पण रोज नाही. २५ एप्रिल २०२४ ला सुरू झालं. या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, ५४ दिवस आहेत: १८ एप्रिल ते ४ मे रोज, आणि तिथून २७ जुलैपर्यंत शुक्रवार, शनिवार, रविवार. वेळ सकाळी ८:३० ते दुपारी ४. चार दिवस आधी भरलं तर माणशी ५ युरो, त्यानंतर १०. चौदा वर्षांखालच्या मुलांना नाही. तेव्हा तारीख सांगा, कुठल्या गावाहून निघणार ते सांगा, आणि किती जण आहात तेही. तीन प्रश्न विचारलेत, पण उत्तर देता येईल असं काहीच सांगितलं नाहीत.

ढोबळमानाने | ९:१०
वेरोनाला आहोत, कामानिमित्त आलोय, ऑफिसने घर दिलंय. जायचं येत्या रविवारी, १५ जूनला. मी, बायको, आई आणि मुलगा (९ वर्षं). आधी लिहिलं नाही कारण सगळीकडून सारखंच असेल असं वाटलं.

कोकणकडा | ९:१४
रविवार! आणि आज बुधवार. अहो, पाच युरोचा शेवटचा दिवस आजच आहे. उद्या भरलंत तर दुप्पट. तुमच्याकडे इटलीत आत्ता पावणेसहा वाजलेत, मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे. बाकीचं नंतर वाचा, आधी महापालिकेच्या अधिकृत साइटवर जाऊन तीन मोठ्यांचे १५ युरो भरा. मध्येच जास्त पैसे उकळणाऱ्या भलत्या साइट लागतात, पत्ता नीट बघा. क्यूआर कोड येईल, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. स्टेशनमधून बाहेर पडताना तपासनीस उभे असतात. नसेल तर दंड ५० युरोपासून.

काटकसर_काका | ९:१७
किंवा एक पैसाही भरू नका. चारनंतर शिरा. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, चार ते नऊ म्हणजे पाच तास उजेड. दुपारचं ऊन टळतं, एकदिवसीय गर्दी परतायला लागलेली असते. सगळे सकाळीच का पळतात देव जाणे.

खिडकीची_जागा | ९:१९
पंधरा युरोसाठी अर्धा दिवस घालवायचा? वा.

काटकसर_काका | ९:२०
ज्याचा अर्धा दिवस उन्हात रांगेत जाणार आहे त्याने हे बोलू नये.

बारा_गावचा | ९:२५
वेरोना म्हणजे प्रश्नच नाही. खिडकी आणि काका, तुमचं मिलानचं भांडण बाद. वेरोना पोर्ता नुओव्हाहून प्रादेशिक गाड्या साधारण तासाला आहेत. फक्त एक बघा: बोर्डावर 'आरव्ही' लिहिलेली पकडा, नुसतं 'आर' लिहिलेली नको. भाडं दोन्हींचं सारखंच, दहा युरोच्या आसपास, पण आरव्ही दीड तासात नेते आणि दुसरी रखडत जाते. चार ते बारा वयाला अर्धं तिकीट. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, ॲपवर काढलं तर चढण्याआधी चेक-इन करायचं. हे विसरलात तर तिकीट असूनही दंड, आणि तपासनीसाला तुमची गोष्ट ऐकण्यात रस नसतो.

आणि व्हेनिसची स्टेशनं दोन. आधी मेस्त्रे येतं, तिथे निम्मा डबा उठतो. तुम्ही उठू नका. सांता लुचिया शेवटचं.

कोकणकडा | ९:३१
बारा_गावचा यांना अनुमोदन. शिवाय संप आहे का ते बघा. वीकडेला संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात, रविवारी तशी हमी नसते.

ढोबळमानाने | ९:४४
पैसे भरले. तिघांचे कोड आले. धन्यवाद ताई. आता बोटीचं सांगा.

पाटी_पेन्सिल | ९:५२
मेस्त्रे सोडल्यावर गाडी ज्या पुलावरून जाते तो १८४६ चा आहे, ऑस्ट्रियन राजवटीतला. शेजारचा मोटारींचा रस्ता १९३३ चा. म्हणजे आपली बोरीबंदर–ठाणे गाडी १८५३ ला सुटली त्याच्या सात वर्षं आधी हे लोक साडेतीन किलोमीटरहून जास्त पाण्यावरून रूळ नेऊन बसले होते. त्याआधी व्हेनिसला होडीशिवाय जाताच येत नव्हतं. दोन्ही बाजूंनी पाणी दिसतं, खिडकी पकडा.

आळशी_अजगर | ९:५४
अवांतर पण छान.

खिडकीची_जागा | १०:०२
बोट घेऊच नका! व्हेनिस चालत बघायचं असतं. स्टेशनपासून सान मार्को चौक चाळीस मिनिटं. भिंतींवर पिवळ्या पाट्या आहेत, 'पेर रिआल्तो', 'पेर सान मार्को', बाण बघत जायचं. हरवलात तरी उत्तम. बोटीचं एक तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटांचं. चोवीस तासांचा पास २५. चौघांचे शंभर युरो पाण्यात. सहा वर्षांवरच्या मुलाला पूर्ण तिकीट पडतं.

काटकसर_काका | १०:०५
पहिल्यांदाच खिडकीशी सहमत. बाटली भरून घ्या, चौकाचौकांत नळ आहेत, पाणी पिण्याचं आहे. सार्वजनिक शौचालयाला मात्र दीड युरो, सुटे ठेवा.

ढोबळमानाने | १०:१३
चाळीस मिनिटं सरळ रस्ता आहे ना? आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालते हळूहळू, पायऱ्या जमत नाहीत.

कोकणकडा | १०:१५
हे आत्ता सांगताय?

बारा_गावचा | १०:१६
अहो, व्हेनिसमध्ये दर दोन मिनिटांनी पूल आणि प्रत्येक पुलाला चढायच्या पायऱ्या, उतरायच्या पायऱ्या! चालत जायचं विसरा. निदान आईंना तरी नको.

माऊ | १०:१८
काकूंना व्हीलचेअर भाड्याने मिळते का बघा ना.

बारा_गावचा | १०:१९
मिळाली तरी पुलावरून उचलणार कोण?

तिखटजाळ | १०:२०
अलेप्पीत पायऱ्या नाहीत.

कोकणकडा | १०:३४
नीट वाचा. स्टेशनसमोरच ग्रँड कॅनाल. बाहेर रुंद पायऱ्या आहेत, पण बाजूने उतार आहे, तिकडून न्या. खाली 'फेरोव्हिया' धक्का. लाइन १ धरा. ती म्हणजे पाण्यावरची एसटी, प्रत्येक थांब्याला लागते, पण म्हणूनच चांगली. पाऊण तास अख्खा ग्रँड कॅनाल बसल्या जागी बघून होतो, रिआल्तोच्या पुलाखालून जाते, दोन्ही काठांचे वाडे दिसतात. धक्का तरंगता असतो, बोटीत पाऊल जवळजवळ सपाट पडतं, वर कर्मचारी हात देतात.

उतरायचं कुठे हे महत्त्वाचं. बहुतेक जण सान झाक्कारियाला उतरतात. तुम्ही एक थांबा आधी, वालारेस्सोला उतरा. तिथून सान मार्को चौकापर्यंत एकही पूल नाही. झाक्कारियाकडून आलात तर पायऱ्यांचा पूल लागतोच. चौकाजवळ पाण्याकाठी राजवाड्याची बाग आहे, फुकट, बाक आहेत, सावली आहे. तिथे निवांत बसता येतं. रविवारी सकाळी बॅसिलिकात (चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये) प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. रिआल्तोचा मासळीबाजार रविवारी बंद, त्यासाठी धडपडू नका.

ढोबळमानाने | १०:४१
हे उत्तम. पण मग चौघांचा पासच घ्यावा लागेल ना? एकूण २०० युरोत बसवायचं होतं.

काटकसर_काका | १०:५३
कशाला? आई आणि सोबत एकजण बोटीने. बाकी दोघं चालत. लाइन १ ला वालारेस्सोपर्यंत जेवढा वेळ लागतो साधारण तेवढाच चालत लागतो, एकाच सुमारास पोचाल. दोघांचं जाऊन-येऊन ३८ युरो. चौघांचं सुटं तिकीट ७६, पास १००. तिसरी फेरी करणार असाल तरच पास परवडतो, आणि तुम्ही मुरानो-बुरानो ही बेटं करणार नाही आहात.

माऊ | १०:५५
ईई, कुटुंबाची अशी फुटाफूट कशाला? बोटीची मजा सगळ्यांनी एकत्र घ्यायची असते. मुलाला नाही का बसायचं?

काटकसर_काका | १०:५७
जाताना मुलगा आजीबरोबर, येताना बाप आईबरोबर. झालं की.

आळशी_अजगर | १०:५९
नऊ वर्षांचा मुलगा आजीला घेऊन परक्या देशात बोटीत? काका, झोपा आता.

काटकसर_काका | ११:०१
बरं, जाताना सूनबाई आणि सासूबाई.

आळशी_अजगर | ११:०२
तेही धोक्याचंच.

ढोबळमानाने | ११:१२
हाहा. तसं काही नाही, त्या दोघींचं माझ्यापेक्षा जास्त जमतं. जाताना सगळे बोटीने, एकत्र. परत येताना आई आणि बायको बोटीने, मी आणि मुलगा चालत. बोटीची सहा तिकिटं म्हणजे ५७ युरो, शुल्क १५ भरून झालं, ट्रेन सत्तरच्या आसपास धरतो. साठेक उरतात, त्यात पिझ्झा होईल. काका, दशम्याही नेतोय, आईने आत्ताच पीठ बघायला सुरुवात केली.

कोकणकडा | ११:२०
दशम्या न्या, पण सान मार्को चौकात, पुलांवर किंवा पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, दंड शंभर युरोंच्या घरात जातो. एखादा बाक शोधा. आणि चहा-कॉफी चौकातल्या खुर्चीत बसून नको, बसण्याचे आणि वाद्यवृंदाचे वेगळे पैसे लावतात. गल्लीत काउंटरला उभं राहून प्या.

खिडकीची_जागा | ११:२४
चालत येताना मुलाला रिआल्तोवरून आणा, पूल १५९१ चा आहे. आणि ग्रँड कॅनाल ओलांडायला सांता सोफियाला दोन युरोत साधी होडी मिळते, त्रागेत्तो म्हणतात. दिसायला गोंडोलाच असते, दोन मिनिटांची. उभं राहून जायचं, पोरं खूश होतात.

ढोबळमानाने | ११:२६
गोंडोला नको म्हटलं होतं पण दोन युरोत चालेल.

बारा_गावचा | ११:३१
एक राहिलं. ७५ मिनिटांच्या तिकिटात मध्ये उतरून पुढची बोट पकडता येते, पण उलट दिशेला चालत नाही. येतानाची दोन तिकिटं येतानाच काढा. आणि ती फेरोव्हियाकडे जाणारी बोट आहे ना, हे चढण्याआधी कर्मचाऱ्याला विचारायला सांगा. एकाच धक्क्यावर दोन्ही दिशांच्या बोटी लागतात आणि गर्दीत पाटी दिसत नाही.