पॉइंटचा क्लास आणि नेहमीचा बॅले क्लास, फरक नक्की काय?

मुलगी 11 वर्षांची आहे, 3 वर्षं बॅले करतेय. बरोबरीच्या दोघींना पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे) घ्यायला सांगितले, हिला टीचर म्हणाल्या अजून थांब. घरी येऊन खूप रडली हो. मला तर प्लिए (गुडघे वाकवणं), रेलेवे (टाचा उचलून वर चढणं) सगळं तेच दिसतं, मग वेगळं काय शिकवतात? शूज आणून घरीच थोडं थोडं केलं तर चालेल का?

उत्तर १
घरी अजिबात नको ताई, प्लीज. स्टेप्स त्याच असतात हे खरं, पण नेहमीच्या क्लासमध्ये आपण चवड्यावर चढतो आणि पॉइंटमध्ये सगळं वजन बोटांच्या टोकांवर येतं. शूजचा बॉक्स, म्हणजे बोटांभोवतीचा पुढचा भाग, हे कापड आणि कागदाचे गोंदाने कडक केलेले थर, खाली तळव्याला शँक म्हणजे कडक पट्टी, ते नुसता आधार देतात, अंग वर उचलून धरायचं ते पोटरी, घोटा, तळपाय आणि पोटाच्या ताकदीवरच. ती कमी पडली की पाय शूजमध्ये खाली बसतो. माझे पहिले शूज रुंदीला सैल होते, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. सुरुवातीचे कितीतरी महिने आम्ही क्लासच्या शेवटी 15-20 मिनिटं बारकडे (धरायच्या आडव्या दांडीकडे) तोंड करून, दोन्ही हात बारवर ठेवून फक्त चढउतार केली. आणि खरी परीक्षा उतरताना, धपकन टाच टेकायची नाही, चवड्यातून हळूहळू खाली यायचं.

उत्तर २
मी शिकवते म्हणून सांगते, नुसतं वय बघून शूज देत नाहीत. या वयात पायाची हाडं अजून वाढत असतात. मी आधी एका पायावर सलग 20 रेलेवे करायला लावते, गुडघा सरळ, टाच पूर्ण वर, घोटा बाहेर कलता कामा नये. दहाव्यालाच कलला तर थांबायचं. तोवर तिला जमिनीवर टॉवेल पसरून पायाच्या बोटांनी गोळा करायला द्या, साधं वाटतं पण तळपाय भरून येतो. आणि पॉइंट सुरू झालं तरी नेहमीचा क्लास सुटत नाही, ताकद तिथेच येते.

प्रश्नकर्ती
काल खुर्ची धरून करून बघितलं, उजवा 17 पर्यंत गेला, डावा 9 लाच डगमगला. आता तिलाच पटलंय. डाव्याला जास्त करू का?

उत्तर २
दोन्ही पाय करा, पण सुरुवात डाव्याने, आणि डगमगला की तिथेच थांबवा. हा फरक टीचरनाही नक्की सांगा.