मदत हवी आहे: हार्ट्स ऑफ आयर्न ४ (दुसऱ्या महायुद्धावरचा संगणकीय डावपेचांचा गेम) मध्ये शत्रूला वेढा पडल्यावर माझं पायदळ जागा सोडतं

माझा देश जर्मनी, जून १९४१, सोव्हिएत आघाडी. मध्यभागी २४ पायदळ डिव्हिजनांची एक आर्मी, एका जनरलकडे (त्याची मर्यादा तेवढीच). सहा रणगाडा डिव्हिजन वेगळ्या आर्मीत, त्यांना स्पिअरहेडचा बाण (अरुंद वाटेने खोल घुसण्याचा आदेश). दोन्हींवर एकच फील्ड मार्शल.

प्लॅनिंग बोनस (हल्ला आखून थांबल्यावर हळूहळू साठणारी लढाईतली वाढ) पूर्ण भरल्यावरच हल्ला सुरू होतो. रणगाडे मिन्स्कच्या मागे एकमेकांना मिळतात, वेढा पक्का पडतो. पण रेषा वाकडी झाली की पायदळ आपोआप जागा बदलू लागतं: उत्तरेची डिव्हिजन दक्षिणेला, दक्षिणेची उत्तरेला. निघालेल्या डिव्हिजनचा प्रांत (नकाशावरचा लहान तुकडा) तेवढा वेळ रिकामा राहतो आणि शत्रू नेमका तिथूनच निसटतो. चालत्या डिव्हिजनांची ऑर्गनायझेशनही (लढाईत टिकून राहण्याची क्षमता) भरत नाही.

पुरवठ्याचा दोष वाटत नाही. रेल्वे दुरुस्त आहे, पुरवठा हबला (जिथून सैन्याला रसद मिळते ते केंद्र) ट्रक दिलेत.

वेढ्याच्या कडेच्या आठ डिव्हिजन वेगळ्या आर्मीत काढून फॉलबॅक लाइनवर (नकाशावर आखलेली, धरून ठेवायची बचावरेषा) बसवाव्यात का? तिथे त्या जागा धरतील, पण स्वतःहून हल्ला करणार नाहीत, मग खिसा (वेढ्यात अडकलेल्या शत्रूचा भाग) आवळणार कोण? आदेशाशिवाय हाताने हलवल्या तर प्लॅनिंग बोनस उतरत जातो. योजनेची अंमलबजावणी ‘सावध’वर ठेवल्याने हे सरकणं थांबतं का? की मुळात आघाडीच दोन आखूड रेषांत तोडायला हवी?