दमास्क आणि चायना गुलाबाचा संकर मुंबईच्या गच्चीवर जमेल का?

गच्चीवाली_मुलुंड
कन्नौजकडचा दमास्क, ‘ओल्ड ब्लश’ (हा चायना गुलाब) आणि नर्सरीत एडवर्ड म्हणून मिळणारा गुलाब, तिन्ही 14 इंची कुंड्यांत आहेत. दमास्कचा वास आणि ओल्ड ब्लशचं बारमाही फुलणं एका रोपात हवंय. दमास्कला दोन वर्षांत कळी नाही. म्हणून ओल्ड ब्लशवर एडवर्डचे पराग लावले. सहापैकी चार फळं बारा दिवसांत देठासकट पिवळी पडून गळाली, दोन टोकाकडून काळी पडली. चुकतंय कुठे?

खुंटडोळा
दमास्कचा नाद सोडा. कन्नौज, हाथरस, पुष्कर इथे त्याला हिवाळ्यात खरी थंडी मिळते, मग मार्च-एप्रिलमध्ये एकदाच बहर येतो. मुलुंडच्या डिसेंबरला तो थंडी मानत नाही, नुसता पाला वाढवतो.

त्याचे पराग बाहेरून आणलेत तरी पुढची अडचण आहेच. बारमाही फुलण्याचा गुण चायना गुलाबाकडून येतो आणि तो अप्रभावी आहे, म्हणजे दोन्हीकडून आला तरच दिसतो. ‘पार्सन्स पिंक’ (तुमचा ओल्ड ब्लश तोच) 1793 च्या सुमारास इंग्लंडात पोचला. त्याचे युरोपातल्या एकबहारी गुलाबांशी संकर केले, तर पहिल्या पिढीतली रोपं वर्षातून एकदाच फुलायची. बारमाही रोपासाठी त्यांचा पुन्हा चायनाशी किंवा आपसात संकर करावा लागला. तुमचीही पहिली पिढी एकबहारीच निघणार, आणि मुंबईत तो एक बहरही येईल याची खात्री नाही.

बोंडंवाला
वरच्यात भर. तुमचा एडवर्ड बूर्बाँ गटातला. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियाँवर, शेताच्या कुंपणाला चायना आणि शरद-दमास्क (दमास्कचाच, शरदात पुन्हा फुलणारा प्रकार) शेजारीशेजारी लावत, त्यातून तो आपोआप झाला. तिथलं नाव ‘रोझ एदुआर’. आपल्याकडे त्याचं एडवर्ड झालं, राजाचा काही संबंध नाही. 1817 च्या सुमारास ब्रेआँ या वनस्पतितज्ज्ञाचं तिकडे लक्ष गेलं आणि त्याने पॅरिसला बी धाडलं. तुम्हाला हवा असलेला मेळ दोनशे वर्षांपूर्वीच जमलाय आणि तुमच्याच कुंडीत आहे.

आता गळीबद्दल. चायनाची गुणसूत्रं 14, दमास्कची 28. अशा जोडीतून 21 वाली रोपं होतात आणि त्यांचे पराग बहुतांशी वांझ असतात. म्हणून एडवर्डच्या परागावर डोळे मिटून भरवसा नको. ताळा सोपा आहे: ओल्ड ब्लशच्या दोन फुलांना ओल्ड ब्लशचेच पराग लावा. ती फळं टिकली आणि एडवर्डची गळाली, तर दोष परागाचा. दोन्ही गळाली, तर दोष हाताचा किंवा हवेचा. टोकाकडून काळं पडणं मात्र बुरशीचं काम, बहुधा पाकळीचे तुकडे तळाशी राहिले किंवा वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली म्हणून.

गच्चीवाली_मुलुंड
पिशवी प्लॅस्टिकचीच होती. 🙈 पद्धत आणि महिने सांगाल का?

बोंडंवाला
पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या मध्यात छाटणी, मग दीडेक महिन्यात बहर. उद्या उमलेल अशी कळी सकाळी धरा. पाकळ्या तळापासून उपटा, चिमट्याने सगळे पुंकेसर काढा, एकही परागकोश फुटलेला नको. कागदी पिशवी बांधा. ज्याचे पराग हवेत त्याचे परागकोश बशीत कागदावर पसरून दिवसभर सावलीत ठेवा. पिवळी भुकटी सुटते. दुसऱ्या दिवशी कुक्षी (फुलाच्या मधलं, पराग धरणारं मादी टोक) चिकट झाली की बोटानेच लावा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. (ब्रशला निम्मे पराग चिकटून राहतात.) देठाला चिठ्ठी बांधा: आधी मादी, मग नर, तारीख. आठवड्याने पिशवी काढा.

फळ साडेतीन-चार महिने झाडावरच राहू द्या, नारिंगी झाल्याशिवाय तोडू नका. ते मार्चअखेरीस पिकतं आणि इथेच लोक फसतात: लगेच पेरतात, उकाड्यात बी उगवत नाही. बी धुऊन, सुकवून डबीत ठेवा. ऑक्टोबरअखेरीस ओल्या टिश्यूत गुंडाळून सहा आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. डिसेंबरात कोकोपीट आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन एक सेंमी खोल पेरा. रोपांना वरून पाणी नको, मर लागते (बुरशीने रोप बुडाशी कुजून कोसळतं). ट्रे खालून भिजवा.

खुंटडोळा
बारमाही रोप उगवल्यावर सहा-आठ आठवड्यांत, वीतभर असतानाच पहिली कळी दाखवतं, त्यामुळे निवड लवकर होते. पहिल्या फुलावरून पाकळ्यांची संख्या मात्र ठरवू नका, ती पुढे वाढते.

आणि हातसंकर जमलाच नाही, तर आपोआप धरलेलं बी पेरा. कृषिशास्त्रज्ञ आणि गुलाबांचे पैदासकार डॉ. बी. पी. पाल यांचा ‘रोझ शरबत’ (1962) हा ‘ग्रुस आन तेप्लित्झ’ या जुन्या गुलाबाच्या बियांतूनच आलेला आहे.