वाळूजचं काम सुटलं; ईएसआयचा बेरोजगार भत्ता चालू असताना गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकता येतं का?

अंबडकर_वायरमन

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडे मेंटेनन्सला सहा वर्षं होतो. लाइन बंद झाली, आम्हाला कमी केलं. पगार १५,०००, ईएसआय आणि पीएफ दोन्ही कापले जायचे. आता अंबड तालुक्यात गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकायचा विचार करायलोय. ईएसआयच्या अटल बीमित योजनेचे पैसे (म्हणजे हाच बेरोजगार भत्ता) चालू असताना दुकान उघडलं तर अडचण येते का? आधी भत्ता, आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची ऑनलाइन नोंद) की आधी कर्जाचा अर्ज? एक जुनं कॉइल मशीन स्वस्तात मिळायलंय, घेऊन ठेवू का? आयटीआय वायरमन आहे, पण सबमर्सिबलवर हात बसलेला नाही.

विमा_खिडकी

भाऊ, पहिलं काम म्हणजे तुम्हाला काढल्याचा कागद वाचा. त्यावर ‘कामगार कपात’ लिहिलंय की तुमच्याकडून राजीनामा लिहून घेतलाय? कपात किंवा कारखाना बंद असं असेल तर ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेबद्दल ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधी विचारा. त्यात पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के मिळतात. राजीनामा असेल तर ही वाट बंद होते. पुष्कळ पोरं हिशेब लवकर मिळावा म्हणून दिसेल त्या कागदावर सही करतात आणि तिथंच मोठं नुकसान होतं.

अटल बीमित योजना आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. अटी अशा: बेरोजगार होण्याआधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी, लगतच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान (ईएसआयला भरलेला हप्ता), आणि त्याआधीच्या तीनपैकी एका काळात पुन्हा ७८ दिवस. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च हे अंशदान काळ. काम सुटून ३० दिवस झाले की दावा करता येतो. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आज चालू आहे ना हे जाण्याआधी बघून घ्या.

रक्कम किती? चार अंशदान काळांतली एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मी, रोजची. १५,००० प्रमाणे २४ महिने म्हणजे ३,६०,०००. भागिले ७३० केले की ४९३ रुपये, निम्मे सुमारे २४६ रुपये ५० पैसे. नव्वद दिवसांचे २२,१९० च्या आसपास. एवढ्यावर दुकान उभं राहत नाही, पण कर्ज मंजूर होईपर्यंत घरातलं पीठ-मीठ निघतं. याचा उपयोग तेवढ्यासाठीच करा.

दावे अडतात ते बारीक गोष्टींवर. ठेकेदारानं एखाद्या महिन्यात शून्य दिवस भरलेले असतात, काम सोडल्याची तारीख टाकलेली नसते, विमा क्रमांकाला आधार जोडलेला नसतो, किंवा बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदललेला असतो. पोर्टलवर स्वतःचा अंशदान तपशील उघडून महिन्यामागून महिना तपासा.

दुकानाबद्दल: ही मदत बेरोजगारीच्या दिवसांची आहे. गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन काम सुरू झालं त्या दिवसापासून पुढचे दिवस मागायचे नाहीत. बेरोजगार असल्याचं तुम्ही स्वतः लिहून देता, ते खोटं ठरू नये. प्रशिक्षण घेणं, कोटेशन गोळा करणं, कर्जाचा अर्ज टाकणं म्हणजे धंदा सुरू होणं नव्हे. ते या ९० दिवसांत खुशाल करा.

कर्ज_फाइल_जालना

मशीन घेऊ नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण फाइल इथंच मरते. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदानाचं कर्ज, नव्या उद्योगासाठी आहे, चालू धंद्याला अनुदान बसत नाही. मंजुरीच्या आधीचं बिल किंवा जुनी उद्यम नोंदणी निघाली की बँक म्हणते, हा धंदा आधीच सुरू आहे. शिवाय जुन्या मशीनला जीएसटी बिल नसेल तर ते प्रकल्प खर्चात धरलंच जात नाही.

रिवाइंडिंग सेवा क्षेत्रात येतं. तिथं प्रकल्प मर्यादा २० लाख. तुमचं गाव ग्रामपंचायत हद्दीत असेल तर खुल्या प्रवर्गाला २५ टक्के अनुदान, अंबड नगरपालिकेच्या हद्दीत गाळा घेतला तर १५. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अपंग, माजी सैनिक यांना गावात ३५ आणि शहरात २५. नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ मिळतो. घरात चर्चा करून अर्ज कुणाच्या नावानं टाकायचा ते ठरवा.

सहा लाखांचा प्रकल्प धरा. खुल्या प्रवर्गात स्वतःचे १० टक्के म्हणजे ६०,०००. बँक देते ५,४०,०००. अनुदान १,५०,००० हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, आणि जागेवर तपासणी झाली की कर्जात वळतं होतं. तीन वर्षांत शटर खाली दिसलं तर ते परत जातं. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत.

खेळत्या भांडवलाची मर्यादा फुगवून लिहू नका. अनुदान ठेवीत अडकलेलं असतं त्या तीन वर्षांत ती एकदा तरी १०० टक्के वापरावी लागते आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली चालत नाही. तांब्याच्या तारेचा दोन महिन्यांचा साठा तेवढा धरा.

उद्यम नोंदणी मोफत आहे, सायबर कॅफेत पाचशे-हजार मोजू नका. मंजुरी हातात आल्यावर काढा. दुकानात दोन-चारच माणसं असतील तर दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते.

अंबडकर_वायरमन

कागद कपातीचाच आहे, राजीनामा दिलेला नाही. ६०,००० साठी पीएफ काढला तर कर कापतात का? आणि हात बसवायला कुठं जाऊ?

विमा_खिडकी

सलग सेवा पाच वर्षांच्या वर असेल तर पीएफवर कर नाही. मधे ठेकेदार बदलला असेल तर जुनं खातं नव्यात वळवल्याशिवाय अर्ज टाकू नका, नाहीतर सेवा तुटलेली दिसते आणि ५०,००० च्या वर टीडीएस कापला जातो. एकाच ठेकेदाराकडे पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीही मागा: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. कपातीची भरपाई वेगळी, दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. हे तिन्ही मिळाले तर बँकेपुढं तुमची बाजू भक्कम होते.

तांबं_आणि_तार

जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोटार रिवाइंडिंगचा ३० दिवसांचा निवासी कोर्स असतो, जेवण-राहणं मोफत. पुढची बॅच कधी ते विचारून नाव टाका. त्याचं प्रमाणपत्र कर्जाच्या फाइलीतही कामी येतं.

यादी करताना काउंटरवालं कॉइल मशीन, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर), तार मोजायला मायक्रोमीटर, बेअरिंग पुलर, चेन पुली, थ्री-फेज टेस्ट पॅनेल आणि मोटार उभी बुडेल अशी पाण्याची टाकी हे सुटू देऊ नका. टाकी बहुतेक जण वाचवतात, मग मोटार बोअरमध्ये सोडल्यावर बॉडी करंट निघतो आणि ती वर ओढायचा खर्च तुमच्या माथी येतो. पाण्यानं भरलेल्या सबमर्सिबलला पॉलीरॅप (प्लास्टिकचं वेष्टन असलेली) तार लागते, तिला वार्निश नाही. मोनोब्लॉकला इनॅमल तार, आणि वार्निश भट्टीत नीट वाळलंच पाहिजे. वाइंडिंग झालं की सबमर्सिबल रात्रभर पाण्यात ठेवून मगच मेगर लावा. कोरड्यात रीडिंग चांगलंच येतं, त्याचा काही उपयोग नाही. कोरडी तर ती क्षणभरही फिरवू नका, थ्रस्ट बेअरिंग आणि बुश पाण्यावरच चालतात. तिन्ही फेजचा करंट जवळपास सारखा हवा; एकात ठळक फरक दिसला तर वेढे मोजण्यात किंवा जोडणीत चूक आहे.

जुनी मोटार उकलताना स्लॉट, वेढे, तारेचा गेज, पिच आणि जोडणी वहीत कंपनी व एचपीप्रमाणे लिहीत चला. जुनं तांबं गिऱ्हाइकासमोर तोलून पावतीवर लिहा, भांडणं तिथंच लागतात.

आपल्याकडं मोटारी जळतात त्या बहुतेक कमी व्होल्टेज, एक फेज जाणं, बोअर कोरडं पडणं आणि दोन फेजवर कपॅसिटर लावून चालवणं यानं. म्हणून गिऱ्हाइकाला मोटारीसोबत स्टार्टरही आणायला सांगा आणि त्यात सिंगल फेज प्रिव्हेंटर व ड्राय रन संरक्षण आहे का ते बघा. नाहीतर तीच मोटार महिन्यात परत येते आणि दोष तुमच्या वाइंडिंगला लागतो.

काम रब्बीच्या पाण्यापासून मे अखेरपर्यंत दाटतं, पावसाळ्यात बसून राहावं लागतं. हप्ता ठरवताना बँकेला हे सांगा आणि सुरुवातीला हप्त्याची सवलत मागून घ्या. उधारी कापूस-सोयाबीन विकेपर्यंत मागतात. मजुरीचे पैसे तोवर थांबले तरी चालतील, तारेचे पैसे मात्र आधी घ्या, कारण तारवाला तुम्हाला उधार देत नाही. वीज जोडणी थ्री-फेज आणि गावठाण फीडरवरची घ्या. शेती फीडरला दिवसाचे ठरावीक तासच थ्री-फेज असतो, त्यावर टेस्टिंग होत नाही. महावितरणच्या कोटेशनला वेळ लागतो, त्यामुळं भाडेकरार आणि ग्रामपंचायतीची ना हरकत हातात आली की तो अर्ज लगेच टाका.