मदत हवी आहे: भाच्याला फुटबॉलमध्ये स्ट्रायकर (गोल मारणारा) व्हायचंय, ट्रायलसाठी (निवड चाचणीसाठी) 40 हजार द्यावे का?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. भाचा 15 वर्षांचा. पऱ्हाटी उपटलेल्या वावरात खेळून तयार झालाय. धसकटं पायात घुसतात म्हणून पोरांनी गोलासमोरची तेवढी जागा खुरप्यानं साफ केली, अन् हा गडी तिथंच घुटमळत राहतो! पण डावा पाय असा, की गोलकीपर हलायच्या आत चेंडू बांबूंच्या आत.

यंदा सुब्रतो कपमध्ये (शाळांची फुटबॉल स्पर्धा) शाळेचा संघ अमरावतीला विभागीय सामन्यांपर्यंत गेला. तिथं एकानं ‘क्लबची ट्रायल करून देतो’ म्हणत 40 हजार मागितले. कापसाचे पैसे हाती आलेत, भाऊजी द्यायला तयार. माझं मन घेत नाही.

पोराची उंची बेताची. पण भारताचा गोल मारणारा सुनील छेत्री तरी कुठं ताडमाड आहे? 2002 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडून सुरुवात, 2024 मध्ये देशाच्या संघातून निवृत्ती, अन् 2025 मध्ये परत मैदानात! इतकी वर्षं गुडघे साथ देतीलच असं नाही, म्हणून दहावी मात्र सोडू देणार नाही.

नागपुरात किंवा पुण्यात खुल्या ट्रायल कुठं होतात? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सीआरएस नोंदणी (खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी) कोण करून देतं? वयाच्या तपासणीला कागदं कोणती लागतात? जन्मदाखल्यावर नावात ‘श’चा ‘स’ झालाय.