कनान देशाची वाटणी: चिठ्ठ्या टाकून की माणसे मोजून?

नकाशावाचक यांचा प्रश्न

बायबलच्या जुन्या करारातील यहोशवाच्या पुस्तकाचे १३ ते २१ हे अध्याय सध्या नकाशा शेजारी ठेवून वाचत आहे. इस्राएलाच्या वंशांना कनान देश वाटून दिल्याचा वृत्तांत या अध्यायांत येतो. बहुतेक वाचक गावांच्या नावांना कंटाळून हा भाग ओलांडतात. मी मात्र त्यातच अडकलो आहे. गणना या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात मोशेला आज्ञा होते की, ज्या वंशाची माणसे अधिक त्याला अधिक वतन द्यावे आणि ज्याची थोडी त्याला थोडे. आणि लगेच पुढे सांगितले आहे की देशाची वाटणी चिठ्ठ्या टाकूनच व्हावी. कोणाची माणसे किती, हे चिठ्ठीला कळत नाही. मग या दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळल्या कशा गेल्या?

त्याच अध्यायातील शिरगणतीचे आकडे पाहिले की गोंधळ आणखी वाढतो. वीस वर्षांवरील लढाऊ पुरुष यहूदाचे ७६,५००, दानाचे ६४,४०० आणि शिमोनाचे अवघे २२,२०० आहेत. दान हा संख्येने दुसऱ्या क्रमांकाचा वंश, पण त्याच्या वाट्याला आली ती यहूदा आणि एफ्राइम यांच्यामध्ये दाबली गेलेली, सरा आणि एष्टावोलपासून याफोच्या दिशेने जाणारी पट्टी. शिमोनाला तर स्वतंत्र प्रदेशच नाही. त्याची गावे यहूदाच्या हद्दीत आहेत. म्हणजे प्रमाणही साधले नाही आणि चिठ्ठीलाही अर्थ उरला नाही, असे म्हणावे काय? शिवाय या सीमा खरोखर कोणत्या काळातील आहेत, यावर अभ्यासकांचे काय म्हणणे आहे, हेही जाणून घ्यायला आवडेल.

शिलोकर यांचे उत्तर

आपला पहिला प्रश्न जुना आहे आणि यहुदी परंपरेने त्यावर पुष्कळ खल केलेला आहे. तालमूद या यहुदी धर्मशास्त्रीय चर्चाग्रंथातील ‘बाबा बाथ्रा’ या प्रकरणात दोन पात्रांचे वर्णन येते: एकात वंशांची नावे आणि दुसऱ्यात प्रदेशांच्या हद्दी घातलेल्या, आणि एलाजार याजक दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढतो. त्याच ठिकाणी जमिनीच्या प्रतीचाही विचार आहे. यहूदियातील एक माप पेरणीची जमीन गालीलातील पाच मापांच्या तोडीची असू शकते, म्हणून केवळ लांबीरुंदी पाहून वाटणी झाली नाही, असे तेथे म्हटले आहे. आणि जवळच्या व दूरच्या जमिनीतील तफावत पैशाने भरून काढली की अधिक जमीन देऊन, यावरही मतभेद नोंदवलेला आहे. हे स्पष्टीकरण फार नंतरचे आहे, हे खरे. पण अडचण कोठे आहे हे त्या विद्वानांना नेमके कळले होते.

खुद्द यहोशवाच्या पुस्तकात जो क्रम दिला आहे, तो बारकाईने पाहिला तर बराचसा उलगडा होतो असे मला वाटते. वाटणी एका बैठकीत झालेलीच नाही. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांना यार्देनेच्या पूर्वेचा प्रदेश मोशेनेच दिला होता, आणि तोही चिठ्ठीने नव्हे. रऊबेन आणि गाद यांच्याकडे गुरेढोरे फार होती, याजेर आणि गिलादाचा मुलूख चराईला उत्तम होता, म्हणून त्यांनी तो मागून घेतला आणि मोबदल्यात पश्चिमेच्या लढाईत सर्वांच्या पुढे राहण्याची अट मान्य केली. त्यानंतर गिलगालच्या तळावर कालेब पुढे येतो. आपले वय ८५ वर्षांचे आहे आणि ४५ वर्षांपूर्वी मोशेने आपल्याला शब्द दिला होता, असे सांगून तो हेब्रोन मागतो. तेही चिठ्ठीशिवाय मिळते. यहूदा आणि योसेफाचे दोन वंश (एफ्राइम व मनश्शे) यांच्या चिठ्ठ्या त्यानंतर निघतात. उरलेल्या सात वंशांची वाटणी होते ती पुढे शिलो येथे, आणि तेथली पद्धत अगदी निराळी आहे.

अठराव्या अध्यायात मोशेनंतरचा पुढारी यहोशवा प्रत्येक वंशातून तीन माणसे निवडायला सांगतो. ती देशभर हिंडतात, गावागावांप्रमाणे पाहणी करून देशाचे सात भाग एका पुस्तकात लिहून आणतात आणि मगच चिठ्ठ्या टाकल्या जातात. म्हणजे आधी पाहणी, मग भाग पाडणे आणि सर्वांत शेवटी चिठ्ठी. भाग पाडणारे एक आणि भाग कोणाला हे ठरवणारी चिठ्ठी वेगळी, असे केल्याने ज्याने हद्द आखली त्याला ती आपल्याकडे वळवता येत नाही. जमीन मोजणे हे चिठ्ठीचे काम नव्हतेच. आपल्याला जाणूनबुजून डावलले, अशी तक्रार कोणाला करता येऊ नये एवढेच तिचे काम होते.

तरीही तक्रारी झाल्याच, आणि ग्रंथाने त्या दडवलेल्या नाहीत. योसेफाचे वंशज सतराव्या अध्यायात विचारतात की, आम्ही एवढे पुष्कळ लोक असताना आम्हाला एकच चिठ्ठी आणि एकच वाटा का? आपणच दिलेल्या शिरगणतीत एफ्राइमचे ३२,५०० आणि मनश्शेचे ५२,७०० धरले तर बेरीज ८५,२०० होते, म्हणजे यहूदापेक्षाही अधिक. मनश्शेचा अर्धा भाग पूर्वेला गेला हे वजा केले तरी मागणी अगदीच निराधार म्हणता येत नाही. यहोशवाचे उत्तर मात्र रोखठोक आहे: तुम्ही पुष्कळ आहात ना, मग डोंगरावर चढा आणि रान तोडून जमीन करा. त्यावर ते म्हणतात की डोंगर पुरत नाही आणि खोऱ्यातील कनान्यांकडे लोखंडी रथ आहेत. खरी मेख येथे आहे. कागदावरची वाटणी आणि ताब्यातली जमीन यांत फार अंतर होते. बेथ-शान, तानख, मगिद्दो आणि दोर ही सुपीक मैदाने व वाटा राखणारी नगरे मनश्शेच्या नावावर होती, पण कनानी लोक तेथेच राहिले. दानाचेही तेच झाले: अमोऱ्यांनी त्याला डोंगराळ भागात रेटले, आणि शेवटी त्यातील ६०० सशस्त्र माणसांनी पार उत्तरेला जाऊन लईश जिंकले व त्याला दान हे नाव दिले. मूळ वाटा लोकसंख्येच्या मानाने लहान होता की हातातून गेल्यामुळे अपुरा पडला, हे ठरवताना शास्ते या पुस्तकाचा पहिला अध्याय अवश्य वाचावा.

शिमोनाबद्दल एकोणिसावा अध्याय स्वतःच कारण देतो: यहूदाचा वाटा त्याच्या गरजेपेक्षा मोठा झाला होता, म्हणून त्यातून शिमोनाला दिले. हा सरळसरळ यहूदाच्या चिठ्ठीनंतर केलेला फेरफार आहे. गणनेच्या पहिल्या अध्यायातील आधीच्या शिरगणतीत ५९,३०० असलेला शिमोन दुसऱ्या गणतीत निम्म्याहून कमी झाला होता, हेही ध्यानात घ्यावे.

उत्खननप्रेमी यांचे उत्तर

शिलोकरांनी ग्रंथाच्या आतून मांडणी छान केली आहे. मात्र ती सगळी एका काळातील नोंद आहे असे धरून चालणे मला कठीण वाटते. या अध्यायांत दोन प्रकारचे दस्तऐवज एकत्र शिवलेले दिसतात. एक सीमावर्णन, ज्यात हद्द एका खुणेवरून दुसऱ्या खुणेकडे चालत जाते. आणि दुसरी गावांची यादी. जर्मन अभ्यासक आल्ब्रेख्त आल्ट यांनी १९२० च्या दशकात हा भेद ठळकपणे मांडला. सीमावर्णने राजेशाहीच्या आधीची आणि यहूदाच्या गावांची यादी मात्र इ.स.पू. सातव्या शतकातील योशिया राजाच्या कारभाराची, असे त्यांचे मत होते. पुढच्या संशोधकांनी या कालनिर्णयाला बरेच आव्हान दिले आहे, तरी दोन प्रकारांतील भेद आजही बहुतेक जण मानतात.

हा भेद वाचकाला स्वतः तपासता येतो. यहूदाच्या वाट्यात नेगेव, सखल प्रदेश, डोंगराळ भाग आणि रान असे गट पाडून शंभराहून अधिक गावे दिली आहेत, तर एफ्राइम आणि मनश्शे यांच्या वाट्यात सीमा आहे पण गावांची तशी यादीच नाही. शिमोनाची उलट गत आहे, गावे आहेत आणि सीमा नाही. शिवाय बैर-शेबा, हर्मा, सिकलाग ही त्याची गावे यहूदाच्या यादीतही पुन्हा येतात. ज्याच्या हाती यहूदाची कागदपत्रे अधिक होती अशा कोणी हे संकलन केले असावे, हा तर्क येथूनच निघतो. आणखी एक गंमत सांगतो. हिब्रू पाठात यहूदाच्या यादीत बेथलेहेम नाही. ग्रीक भाषांतरात मात्र अकरा गावांचा एक जादा गट आहे आणि त्यात ते आहे. नकल करताना एक गट गळला असावा, असे सामान्यपणे मानले जाते.

यरुशलेमजवळची हद्द पाहा. यहूदाची उत्तर सीमा अदुम्मीमच्या चढणीवरून एन-शेमेश येथील पाण्याकडे, तेथून एन-रोगेलला आणि मग हिन्नोमाच्या खोऱ्यातून यबूसी लोकांच्या नगराच्या दक्षिण उतारावरून वर डोंगरमाथ्यापर्यंत जाते. बन्यामीनच्या वाट्यात हीच हद्द उलट दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे सांगितली आहे. या रेषेप्रमाणे यरुशलेम बन्यामीनात पडते, आणि त्याच्या गावांच्या यादीत ते आहेही. तरीही यहोशवाच्या पंधराव्या अध्यायाच्या शेवटी यबूसी लोकांना हाकलता आले नाही ते यहूदाला, आणि शास्ते या पुस्तकात तेच बन्यामीनला. नगर दाविदाच्या हाती आल्यानंतर त्यावर दोन्ही वंशांनी हक्क सांगितल्याचे हे पडसाद आहेत, असे मला वाटते. रेषा मात्र त्याहून जुनी असण्याची शक्यता मी नाकारणार नाही.

ग्रंथाबाहेरचा पुरावा तुटपुंजा आहे. मेर्नेप्ताह या मिसरी राजाच्या इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएल हे एका लोकसमूहाचे नाव म्हणून येते, वंशांचा उल्लेख नाही. १८६८ मध्ये धिबान (जुने दीबोन) येथे सापडलेल्या मवाबी राजा मेशाच्या शिलालेखात, गादची माणसे अटारोथच्या प्रदेशात पूर्वापार राहत होती, असे स्पष्ट म्हटले आहे. रऊबेनाचे नाव त्यात नाही, आणि यहोशवाच्या पुस्तकात रऊबेनाच्या वाट्यात असलेले दीबोन गणना या पुस्तकात गादने बांधले असे आहे. पूर्वेकडील या दोन वंशांची हद्द कधी पक्की नव्हती, असाच त्याचा अर्थ दिसतो.

नकाशावाचक

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. दीबोनचा घोटाळा माझ्या नकाशातही आहे. तेथे ते गाव दोन रंगांच्या मधोमध छापले आहे. एक उपप्रश्न विचारतो: ज्यांना या हिशेबात मुळात जागाच नव्हती, म्हणजे उपासनेच्या सेवेला वाहिलेला लेवीचा वंश आणि मनश्शेच्या वंशातील सलाफहादाच्या मुली, त्यांचे वाटे नकाशावर कोठे दाखवावेत?

वतनवाचिका यांचे उत्तर

मुलींचे वाटे दाखवता येतात, आणि या सगळ्या वृत्तांतात मला सर्वांत भक्कम वाटणारा धागा तोच आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणींना भाऊ नव्हता. बापाचे नाव कुळातून का पुसले जावे, असे त्यांनी मोशेपुढे उभे राहून विचारले आणि वतन मिळवले. पुढे कुळातील पुरुषांनी हरकत घेतल्यावर, त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट जोडली गेली, म्हणजे जमीन दुसऱ्या वंशात जाणार नाही. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात मनश्शेला पश्चिमेला दहा वाटे मिळाल्याचे सांगितले आहे. अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शखेम, शमीदा हे पाच, आणि हेफेर या सहाव्या कुळाच्या जागी त्याच्या पाच नाती.

आता उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन येथील राजवाड्याच्या परिसरात १९१० मध्ये सापडलेली खापरे घ्या. इ.स.पू. आठव्या शतकात द्राक्षारस आणि तेलाच्या आवकीच्या नोंदी शाईने लिहिलेली ही खापरे आहेत. त्यांवर माल कोठून आला ते नोंदवताना ही पाचही कुळे प्रदेशांची नावे म्हणून येतात, आणि त्यांच्याबरोबर होग्ला आणि नोआ ही नावेही येतात. हेफेर मात्र नाही. तिरसा हे तर उत्तरेच्या राज्याच्या एका जुन्या राजधानीचे नाव आहे. बहिणींची कथा घडली तशीच घडली का, हा वेगळा वाद. पण त्यांपैकी होग्ला आणि नोआ या नावांचे मुलूख होते आणि तेथून राजधानीत माल येत होता, एवढे निश्चित आहे. तेव्हा मनश्शेच्या रंगात शोमरोनच्या आसपास हे वाटे आपण निःशंकपणे लिहावेत.

लेव्यांचे दाखवणे अवघड आहे, कारण त्यांना सलग प्रदेश दिलेलाच नाही. त्यांना मिळाली ती सर्व वंशांत विखुरलेली ४८ नगरे आणि प्रत्येकाभोवतीचे गायरान, ज्याची मोजणी गणनेच्या ३५ व्या अध्यायात प्रत्येक दिशेला दोन हजार हात अशी दिली आहे. त्यांतली सहा आश्रयनगरे होती, म्हणजे नकळत हातून खून झालेल्याने आसरा घ्यायची नगरे: पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन, पूर्वेला बेसेर, गिलादातील रामोथ आणि गोलान. हेब्रोनबद्दल आपल्याला प्रश्न पडेल, कारण ते कालेबाला दिलेले होते. एकविसाव्या अध्यायाने त्याचाही निवाडा करून ठेवला आहे: नगर आणि त्याभोवतीचे गायरान मोशेचा भाऊ अहरोन याजक याच्या वंशजांचे, पण त्या नगराची शेते आणि खेडी कालेबाची. एकाच गावात दोन हक्क, आणि दोन्ही लेखी. गेजेर आणि तानख ही नगरेही लेव्यांच्या यादीत आहेत, जी आधीच्या अध्यायांप्रमाणे इस्राएलाच्या ताब्यात आलीच नव्हती. म्हणून ही यादी राजेशाहीच्या काळातील, किंवा केवळ अपेक्षेची, असे अनेक अभ्यासक मानतात. नकाशावर ती रंगाने नव्हे, ठिपक्यांनी दाखवावी.

शिलोकर

ठिपक्यांची सूचना उत्तम आहे. उत्खननप्रेमींच्या मुद्द्याला एक जोड देतो: शलमोनाच्या बारा कारभाऱ्यांची यादी पहिल्या राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. तीत नफताली, आशेर, इस्साखार आणि बन्यामीन हे वंशांच्या नावाने येतात, पण दानाच्या जुन्या मुलखाची ओळख नुसत्या गावांच्या नावांनी होते आणि मगिद्दोचे खोरे स्वतंत्र विभाग बनते. आपण वंशांचा नकाशा पूर्ण केल्यावर त्यावर हे बारा विभाग पातळ कागदावर काढून ठेवून पाहावेत. कोणत्या हद्दी करवसुलीच्या व्यवहारातही टिकल्या आणि कोणत्या मोडल्या, हे तेथे दिसेल.