वेगळं ॲप लागतंच, निदान आमच्याकडे

भाऊ, मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या सोशल नेटवर्कचं स्वतःचं ॲप असताना दुसऱ्याचं कशाला टाकायचं, असं तुम्ही विचारलंत. आमच्या आर्णी तालुक्यात वावरात रेंजची एखादी कांडी मिळाली तरी पुष्कळ. मॅस्टोडॉनसाठी मी टस्की हे दुसऱ्यांनी बनवलेलं ॲप वापरतो ते त्यामुळेच. सेटिंगमध्ये जाऊन फोटोंची झलक उतरवणं बंद करायचं, की नुसता मजकूर भराभर येतो. कुणी बोंडअळीचा फोटो टाकला असेल तर तेवढाच बोट लावून उघडायचा. पोस्ट गेली नाही तर लिहिलेलं मसुद्यात राहतं. धुऱ्यावर बसून मेहनतीनं लिहिलेलं उडून गेलं, की परत लिहायची इच्छाच होत नाही.

ट्विटरसाठीही अशी दुसऱ्यांनी बनवलेली ॲप्स होती. ट्विटरिफिक तर २००७ पासून चालत होतं. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरनं तेही बंद पाडलं आणि ट्वीटबॉट हे तसलंच दुसरं ॲपही. आधी सूचना नाही, अशा ॲप्सना मनाई करणारा नियम आणला तो नंतर. इतकी वर्षं राबलेल्या लोकांशी असं वागणं मला आजही पटत नाही.

मॅस्टोडॉनचा एपीआय, म्हणजे बाहेरच्या ॲपला जोडून घ्यायची सोय, खुला आहे. उद्या टस्की बंद पडलं तरी खातं जागच्या जागी. फेडिलॅबसारखं दुसरं ॲप टाकायचं, लॉगिन करायचं, झालं. एक मात्र बघा: पासवर्ड आपलं खातं ज्या मॅस्टोडॉन सर्व्हरवर आहे त्याच्या पानावरच टाकायचा. एखादं ॲप तो स्वतःच्याच चौकटीत मागत असेल, तर ते सरळ काढून टाका.